विचार करायला लागणारी जागा

मे महिना सरत आला की सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, विटा, तासगाव अशा प्रत्येक गावात अबॅकसच्या (मण्यांच्या चौकटीवर हिशेब शिकवणाऱ्या) आणि स्मरणशक्ती विकासाच्या वर्गांचे फलक नव्याने लागतात. शिष्यवृत्ती, एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती), नवोदय आणि सैनिक शाळा यांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग त्यांच्या शेजारीच असतात आणि पुष्कळदा दोन्ही एकाच छताखाली चालतात. या फलकांवर दोन गोष्टी एकत्र मिसळून सांगितलेल्या असतात: येथे आल्याने मुलाची स्मृती वाढेल आणि स्मृती वाढली की बुद्धी वाढेल. पालक त्यासाठी पैसे मोजतात. ज्यांच्याकडे ते नसतात तेही उसने घेऊन मोजतात. या दाव्याच्या मुळाशी मानसशास्त्रातले एक खरे आणि महत्त्वाचे निरीक्षण आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे, आणि त्याची किंमत मुले चुकवत आहेत, म्हणून हा विषय सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते. कार्यस्मृती आणि तर्कक्षमता यांचे नाते घट्ट आहे. ते घट्ट आहे म्हणूनच मुलाच्या डोक्यातली जागा वाढवण्याच्या मागे न लागता, त्या जागेवर शाळा आणि परीक्षा जे ओझे टाकतात ते कमी करणे हे आपले काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

कार्यस्मृती म्हणजे पाठांतराची ताकद, असा समज सर्वत्र आहे आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. लहानपणी पाठ झालेला हरिपाठ सत्तराव्या वर्षीही न अडखळता म्हणता येतो, ती दीर्घकालीन स्मृती. कार्यस्मृती वेगळी. एखादे काम चालू असताना त्याला लागणारी माहिती काही क्षण मनात धरून ठेवणे आणि धरून ठेवता ठेवताच तिच्यावर प्रक्रिया करणे, या दुहेरी कामाला हे नाव आहे. घरात कोठार कितीही मोठे असले तरी स्वयंपाक ओट्यावरच करावा लागतो आणि ओटा सर्वांचाच लहान असतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका वेळी मनात राहू शकणाऱ्या घटकांची संख्या सातच्या आसपास असल्याचे मांडले. १९७४ मध्ये ब्रिटनमधील ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी ही स्मृती एकसंध नसल्याचे दाखवले: शब्द आणि आवाज धरून ठेवणारा एक भाग, आकृती आणि जागा धरून ठेवणारा दुसरा, आणि लक्ष कोठे द्यायचे हे ठरवणारा तिसरा, अशी त्यांची मांडणी होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी उजळणी करण्याची आणि घटक एकत्र बांधण्याची सोय काढून घेतली तर ही मर्यादा चारच्या जवळपास येते असा निष्कर्ष काढला. चार हा आकडा प्रौढांचा आहे. दहा वर्षांच्या मुलाकडे त्याहूनही कमी जागा असते, आणि आपण वर्गात त्याच्याकडून अपेक्षा करतो ती मात्र मोठ्या माणसाची.

बुद्धिमत्ता चाचणीत हमखास येणारा एक प्रश्न पाहू. एक मुलगी घरातून निघून पूर्वेकडे ३ किलोमीटर चालली, उजवीकडे वळून ४ किलोमीटर गेली, पुन्हा उजवीकडे वळून ३ किलोमीटर गेली. तर ती आता घराच्या कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे? या प्रश्नातला तर्क एवढाच आहे की पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अंतर एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे ती बरोबर दक्षिणेला ४ किलोमीटरवर उरते. पण हा तर्क करण्यापूर्वी मुलाला निघण्याची जागा, आता तोंड कोणत्या दिशेला आहे हे, आणि तीन अंतरे, एवढे सगळे एकाच वेळी धरून ठेवावे लागते. त्याच मुलाच्या हातात कागद आणि पेन्सिल दिली तर तीन रेघा मारून तो उत्तर देतो. तर्क दोन्ही वेळी तोच होता. बदलले ते फक्त डोक्यावरचे वजन. तोंडी विचारल्यावर जो मुलगा गप्प राहतो त्याला आपण 'डोके चालत नाही' असे म्हणून मोकळे होतो.

आता मूळ प्रश्न: हे नाते किती घट्ट आहे? १९९० मध्ये पॅट्रिक किलोनेन आणि रेमंड क्रिस्टल यांनी अमेरिकी हवाई दलात भरती झालेल्या दोन हजारांहून अधिक जणांवर केलेले चार अभ्यास प्रसिद्ध केले. कार्यस्मृतीच्या चाचण्यांतून निघालेला घटक आणि तर्काच्या चाचण्यांतून निघालेला घटक यांच्यातला सहसंबंध ०.८० ते ०.९० इतका आला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे संपूर्ण संबंध, अशा पट्टीवर मानसशास्त्रात एवढा मोठा आकडा क्वचितच दिसतो. तर्कक्षमता ही कार्यस्मृतीपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे की नाही, असाच प्रश्न त्यांनी उपस्थित केला. त्यावर पुढची कित्येक वर्षे वाद चालला. २००५ मध्ये फिलिप ॲकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून बुद्धिमत्तेशी असलेला हा संबंध ०.४८ च्या आसपासच असल्याचे मांडले, तर त्याच वर्षी मायकेल केन आणि सहकाऱ्यांनी एकेका चाचणीऐवजी अनेक चाचण्यांतला सामाईक घटक धरला तर प्रवाही बुद्धिमत्तेशी, म्हणजे आधीच्या ज्ञानाचा आधार नसलेला नवा प्रश्न सोडवण्याच्या क्षमतेशी, तो ०.७२ इतका भरतो असे उत्तर दिले. सहसंबंधाचा वर्ग केला की एका गोष्टीतल्या फरकाने दुसरीतला किती फरक समजतो ते कळते. ०.४८ धरला तर सुमारे चतुर्थांश आणि ०.७२ धरला तर सुमारे निम्मा. वाद कसाही सुटला तरी संबंध खरा आहे आणि दोन्ही गोष्टी एकच नाहीत, इतके नक्की म्हणता येते.

किलोनेन आणि क्रिस्टल यांच्याच अभ्यासात आणखी एक बाब होती, जिच्याकडे त्या मोठ्या आकड्यामुळे फारसे लक्ष गेले नाही. तर्कक्षमता ही सामान्यज्ञानाशी तुलनेने अधिक जोडलेली दिसली, तर कार्यस्मृती ही काम उरकण्याच्या वेगाशी. माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातले हे सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे. वेग आणि जागा यांचा एक गट, ज्ञान आणि तर्क यांचा दुसरा. दोन्ही गट एकमेकांना घट्ट बांधलेले, तरीही वेगळे. घड्याळ लावून परीक्षा घेतली की आपण पहिल्या गटाकडे झुकतो, आणि निकाल मात्र दुसऱ्या गटाच्या नावाने जाहीर करतो.

हे नाते असे का असावे, यावर संशोधकांत मतभेद आहेत. रँडल एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भर लक्षावरच्या ताब्यावर आहे: मनात किती मावते यापेक्षा नको ते बाहेर ठेवता येते का, हे महत्त्वाचे. क्लाउस ओबराउअर यांचा भर सुट्या गोष्टींमध्ये तात्पुरते धागे बांधण्याच्या क्षमतेवर आहे. 'अ हा ब च्या डावीकडे, ब हा क च्या डावीकडे' असे नाते उभे राहिल्याशिवाय त्यावर तर्क करताच येत नाही. एंगल यांच्या गटाने २०१६ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला, जो मला फार पटतो. कार्यस्मृतीच्या चाचणीत धरून ठेवण्यावर भर असतो, तर तर्कात चुकीची ठरलेली कल्पना वेळेवर सोडून देण्यालाही तितकेच महत्त्व असते. आकृत्यांच्या मालिकेत पहिला अंदाज फसला की तो मनातून पूर्णपणे काढून टाकून नव्याने पाहावे लागते. ज्याला पहिला अंदाज सोडवत नाही तो भल्या मोठ्या स्मृतीनिशी तिथेच अडकतो. आपल्या वर्गांत धरून ठेवण्याचे शिक्षण भरपूर मिळते. सोडून देण्याचे शिक्षण मिळण्यासाठी चुकीच्या उत्तरावर थांबून बोलावे लागते, आणि त्याला वेळापत्रकात जागाच नसते.

संबंध इतका घट्ट असेल तर स्मृती वाढवली की तर्क वाढेल, हा विचार स्वाभाविक आहे, आणि तो गंभीरपणे तपासलाही गेला आहे. २००८ मध्ये सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी कार्यस्मृतीच्या एका अवघड संगणकीय सरावाने काही आठवड्यांत प्रवाही बुद्धिमत्तेचे गुण वाढल्याचे प्रसिद्ध केले. जगभर त्याची चर्चा झाली आणि 'मेंदूचा व्यायाम' विकणारा धंदा त्यावर उभा राहिला. २०१३ मध्ये थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी तोच सराव वीस सत्रे करून घेतला आणि अधिक काटेकोर तुलना केली, तेव्हा सराव केलेल्या कामात लोक चांगलेच सुधारले, पण बुद्धिमत्तेच्या गुणांत वाढ आढळली नाही. मोनिका मेल्बी-लर्वाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही हेच चित्र दिसले. ज्याचा सराव केला ते आणि त्याच्यासारखे काम सुधारते. दूरच्या गोष्टी, म्हणजे तर्क, वाचन आणि गणित, जागच्या जागी राहतात.

याआधीचा एक प्रयोग तर कोणालाही समजेल असा आहे. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी १९८० मध्ये एका सामान्य महाविद्यालयीन विद्यार्थ्याची नोंद प्रसिद्ध केली. सुरुवातीला तो ऐकलेले सात अंक परत सांगू शकत होता. दीड वर्षाहून अधिक काळ सराव केल्यावर तो सुमारे ८० अंक सांगू लागला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो पुन्हा सहावर आला. त्याची कार्यस्मृती तसूभरही रुंदावली नव्हती. त्याने फक्त अंकांपुरती एक युक्ती कमावली होती. स्मरणशक्तीच्या शिबिरांत व्यासपीठावर जे प्रात्यक्षिक दाखवले जाते ते हेच असते. त्यात लबाडी नसते. त्यातून काढून दिलेला अर्थ मात्र खोटा असतो.

अबॅकसबद्दल तर आपल्या शेजारच्या राज्यातलाच पुरावा आहे. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यातल्या एका शाळेत २०४ मुलांवर तीन वर्षे नियंत्रित प्रयोग केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनातल्या मण्यांवर हिशेब करायला शिकलेली मुले अंकगणितात इतरांपेक्षा पुढे गेली, हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्यांची कार्यस्मृती वा इतर मूलभूत बौद्धिक क्षमता बदलल्या नाहीत. उलट, ज्या मुलांची आकृती आणि जागा धरून ठेवण्याची स्मृती आधीच चांगली होती तीच अबॅकस नीट शिकली. म्हणजे फलकावर जे फळ म्हणून दाखवले जाते ते वास्तविक बियाणे होते. अबॅकस शिकवणाऱ्यांनी 'आम्ही हिशेब जलद करायला शिकवतो' असे लिहावे. त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. दाव्यामागचा पुरावा मागायची सवय नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातूनच महाराष्ट्राला लावली. बुवाबाजीला विचारलेला तोच प्रश्न मुलांच्या बुद्धीच्या नावाने होणाऱ्या व्यवहारालाही साताऱ्याने विचारला पाहिजे.

जागा वाढत नाही म्हटल्यावर निराश होण्याचे मात्र कारण नाही, कारण त्या लहान जागेत काय मावते हे ज्ञानाने बदलते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, तेव्हा निष्णात खेळाडूंनी ती नवशिक्यांपेक्षा कितीतरी अधिक अचूक मांडली. मोहरी कशीही विखरून ठेवली तेव्हा त्यांचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. नवशिक्याला जिथे वीस मोहरी दिसतात तिथे जाणत्याला चार-पाच ओळखीच्या रचना दिसतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे ज्या सांगलीत पिढ्यान् पिढ्या मुले पटावर वाढली, तिथे हे वेगळे समजावून सांगायला नको. पटावरची समज हजारो डाव पाहण्यातून आणि त्यांवर बोलण्यातून येते.

याच कारणासाठी मी पाढ्यांच्या बाजूचा आहे. घोकंपट्टीवर टीका करण्याच्या ओघात पाढेही गेल्या काही वर्षांत बदनाम झाले. ज्या मुलाला सात आठे छप्पन्न हे क्षणात आठवते त्याची जागा उदाहरणाच्या रचनेसाठी मोकळी राहते. ज्याला सातात सात मिळवत जावे लागते तो छप्पन्नपर्यंत पोचेतो मूळ प्रश्न विसरलेला असतो. जुन्या मराठी शाळेतल्या पावकी, निमकी, दिडकी यांचेही काम तेच होते: व्यवहारात पुन्हा पुन्हा लागणारे हिशेब कोठारात ठेवून देणे. पाठ काय करायचे आणि समजून काय घ्यायचे, ही निवड महत्त्वाची आहे. पाढे पाठ हवेत, शाब्दिक उदाहरणांची उत्तरे पाठ नकोत. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की नवशिक्याला सुटी गणिते देऊन झगडायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणे पायरीपायरीने अभ्यासायला दिली तर तो अधिक शिकतो, कारण उत्तर शोधण्याच्या धडपडीतच त्याची सगळी कार्यस्मृती खर्च होत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत सोडवलेली उदाहरणे असतात. वर्गात मात्र ती घाईने उलटून स्वाध्यायाकडे जाण्याची पद्धत आहे.

संख्यानामांचा मुद्दाही याच संदर्भात पाहायला हवा. मराठीत चौऱ्याहत्तर ऐकताना आधी चार कानावर पडतात आणि लिहिताना आधी सात लिहावे लागतात. दुसरीतल्या मुलाला चार धरून ठेवून सात लिहायचे आणि मग चारकडे यायचे असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर चार' असे वाचन दिले गेले, तेव्हा मंगला नारळीकर यांच्या समितीवर भाषा बिघडवल्याचा आरोप झाला. आपली संख्यानामे टिकली पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण पहिली-दुसरीच्या मुलाला काही काळ आधार म्हणून दुसरी रीत वापरू देण्याने ती बुडणार नव्हती. त्या वादात मुलाच्या डोक्यात नेमके काय घडते हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

यापेक्षा कितीतरी मोठे ओझे आपण स्वखुशीने मुलांवर टाकले आहे, ते सेमी इंग्रजीचे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मराठी शाळांचा पट टिकवण्यासाठी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची चढाओढ लागली. पालकांची इच्छा मला समजते. पुढच्या शिक्षणाची भाषा इंग्रजी आहे हे त्यांनी अनुभवलेले असते. पण मेरेडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्येच दाखवले होते की वाचलेले समजण्याची क्षमता आणि वाचता वाचता माहिती धरून ठेवण्याची क्षमता यांचे जवळचे नाते आहे. जे वाक्य शब्द जुळवत वाचावे लागते ते वाचण्यातच जागा संपवते. माण तालुक्यातल्या किंवा जतमधल्या एखाद्या मुलीला टाकी भरायला लागणाऱ्या वेळाचे उदाहरण मराठीत चटकन सुटते आणि इंग्रजीत तीच मुलगी 'फिल्ड' आणि 'एम्प्टीड' यांत अडकते. निकालपत्रकावर मात्र ती गणितात कच्ची ठरते. इंग्रजी शिकवावी, भरपूर आणि चांगली शिकवावी. पण तर्क नवा असताना भाषाही नवी ठेवू नये. निदान सातवीपर्यंत शाब्दिक उदाहरणे दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

ओझे फक्त पुस्तकातून येते असेही नाही. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये गणिताची भीती हीच कार्यस्मृतीतली जागा व्यापते असे दाखवले; फळ्यापाशी उभे करून हसणारा वर्ग त्या मुलाची उरलीसुरली जागाही काढून घेतो. आणि कृष्णा, कोयना, वारणेच्या काठच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा एक अभ्यास आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडीपूर्वी आणि तोडीनंतर चाचणी घेतली. माणसे तीच होती, पण उसाचे पैसे हाती येण्यापूर्वी, ओढाताणीच्या दिवसांत, आकृत्यांच्या तर्कचाचणीत आणि लक्ष ताब्यात ठेवण्याच्या चाचणीत त्यांचे गुण कमी आले. या अभ्यासावर आक्षेप घेतले गेले. दुसऱ्यांदा दिलेल्या चाचणीत सरावानेच गुण वाढतात, हा त्यांतला एक आक्षेप होता आणि लेखकांनी त्याला वेगळा गट तपासून उत्तर दिले. टंचाईविषयीच्या याच धाटणीच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हा तपासताना टिकले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय तो अभ्यास मुलांचा नव्हता. तरीही, कारखान्याचे बिल जमा झाले का हे रोज विचारणाऱ्या घरातले किंवा बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाच्या खोपीतले मूल परीक्षेला बसते तेव्हा त्याच्या डोक्यात आधीच काहीतरी मांडून ठेवलेले असते, असे मानायला मी तयार आहे. त्याच बाकावर शेजारी बसलेल्या मुलाच्या डोक्यात ते नसते. दोघांना मिळणारी वेळ मात्र सारखीच.

येथून मी परीक्षांकडे येतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात; म्हणजे वाचणे, समजणे, विचार करणे आणि गोल रंगवणे यांसाठी एका प्रश्नाला ७२ सेकंद. एनएमएमएसच्या बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी एकच मिनिट. ही दुसरी परीक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी आहे आणि तिच्यातून मिळणारे वर्षाला १२,००० रुपये नववी ते बारावी एखाद्या मुलीचे शिक्षण चालू राहायला पुरे पडू शकतात, म्हणून ती नीट असणे अधिक गरजेचे आहे. एवढ्या वेगात दोनच प्रकारची मुले पुढे जातात: ज्यांची जागा आणि वेग मुळात अधिक आहे ती, आणि ज्यांनी खासगी वर्गात जाऊन प्रश्नांचे सगळे नमुने आधीच कोठारात भरून ठेवले आहेत ती. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना आरशातली प्रतिमा, नातेसंबंध, बैठकव्यवस्था यांत तर्क करावाच लागत नाही. त्यांना प्रश्न ओळखावा लागतो. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण ज्या चाचणीला 'बुद्धिमत्ता' म्हटले आहे ती अशा वेळी शिकवणीवर्गाची फी मोजते, आणि ज्या मुलाने न शिकवता स्वतःच्या डोक्याने हळू पण बरोबर विचार केला असता तो यादीबाहेर राहतो.

वेळेचे बंधन नसेल तर निवड करायची कशी, असे विचारले जाईल. निवड करण्यासाठी प्रश्न अधिक खोल करावेत, अधिक घाईचे करू नयेत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. तिथे जाणाऱ्या मुलाला पुढे वेगाने निर्णय घ्यावे लागतील, तेव्हा तिच्या प्रवेशपरीक्षेत घड्याळाला काही जागा असणे मी समजू शकतो. पण पाचवीतल्या प्रत्येक मुलाने पुढे लढाऊ विमान चालवायचे आहे असे धरून सर्वांची परीक्षा घेण्याचे कारण नाही. शेतीचा ताळेबंद, न्यायालयातला युक्तिवाद, रोगाचे निदान, पुलाचे गणित, ही सगळी तर्काची कामे कागद जवळ ठेवून आणि पुन्हा तपासून करायची असतात. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली तेव्हा ज्यांच्या घरात अक्षरही नव्हते अशी मुले त्यांनी उचलून आणली. ती मुले हुशार आहेत की नाहीत हे आधी मिनिटांवर मोजून पाहिले असते तर या जिल्ह्यांचा पुढचा इतिहासच वेगळा झाला असता.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, शेकडो जिल्हा परिषद शाळा आहेत आणि सराव परीक्षा दरवर्षी होतातच. पुढच्या वर्षी माण, खटाव, जत आणि आटपाडी या तालुक्यांतल्या काही शाळांत बुद्धिमत्ता चाचणीची सराव परीक्षा दोन रीतींनी घ्यावी. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या मुलांना नेहमीची वेळ द्यावी. उरलेल्या निम्म्यांना दुप्पट वेळ, प्रत्येक प्रश्नाशेजारी कच्च्या कामाची ऐसपैस जागा आणि रेघा मारून पाहा अशी स्पष्ट सूचना द्यावी. कोण खासगी वर्गाला जातो आणि कोण जात नाही याची नोंद ठेवावी. वेळ वाढवल्यावर सर्वांचेच गुण सारखे वाढले आणि वर्गाला जाणारी व न जाणारी मुले यांच्यातले अंतर तेवढेच राहिले, तर परीक्षेच्या घाईबद्दल मी येथे केलेला युक्तिवाद लंगडा पडेल आणि तो मागे घ्यावा लागेल. पण वर्गाला न जाणाऱ्या मुलांचे गुण अधिक वाढले आणि अंतर कमी झाले, तर आजवर यादीबाहेर राहिलेल्या मुलांपैकी किती जण केवळ घड्याळामुळे मागे पडले, याचा हिशेब राज्य परीक्षा परिषदेपुढे मांडण्याची जबाबदारी या दोन जिल्ह्यांवर येईल.